कोकून कोट
खांद्यापाशी उतरता, पाठीत व कमरेभोवती फुगीर आणि तळाशी पुन्हा आत वळणारा स्त्रियांचा कोट. आकार रेशीमकिड्याच्या कोशासारखा, म्हणून हे नाव. पॅरिसमध्ये पॉल प्वारे याने १९१०च्या दशकात किमोनोच्या वळणाचे असे झगे शिवले. पुढे क्रिस्तोबाल बालेंसियागा (१८९५–१९७२) याने फुगीर पाठीचा कोट नावारूपाला आणला.

मापापेक्षा दोन नंबर मोठा घेतलेला कोट म्हणजे कोकून कोट नव्हे. मोठा कोट खांद्यावरून ओघळतो व तळाशी पसरतो. याचा तळ आवळलेला असतो. छाती ३६ इंच असेल तर सर्वांत रुंद जागी घेर ४८ ते ५० इंच आणि तळाशी ४२ इंचांच्या आसपास ठेवतात. बाही अंगासकट एकाच तुकड्यात कापतात. बगलेत ३ ते ४ इंचांची चौकोनी कळी घालतात; ती नसली तर हात वर करताच अख्खा कोट वर चढतो.

५८ इंची पन्ह्याचे सुमारे ३ मीटर कापड पुरते. कापड ताठ हवे. जाड मेल्टन, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, चालते. मऊ फ्लीस लोंबतो आणि फुगा बसतो. माण-खटावकडची घोंगडी आकार छान धरते, पण तो ताठपणा बराचसा चिंचोक्याच्या खळीचा असतो. म्हणून कापण्याआधी ती एकदा धुऊन, आटवून घ्यावी. ती टोचते, तेव्हा अस्तर हवेच.

शिलाईत चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. पहिली तळाच्या दुमडीत. बाजूची शिवण आत येत असल्याने सरळ कापलेली दुमड वर वळवल्यावर अपुरी पडते आणि कापड ओढले जाते. दुमडीपुरती शिवण बाहेर उघडती कापावी लागते. दुसरी अस्तरात. अस्तर तंग बसले की पाठीचा फुगा आत खेचला जातो, म्हणून अस्तराला पाठीच्या मध्यावर इंचभर चुण ठेवतात. याशिवाय, सवयीने कमरेला टक्स घालून कोट ‘फिटिंगला’ आणणारे शिंपीही भेटतात! त्यांना कागदी नमुना आधी दाखवलेला बरा.

सातारा शहरात हा कोट डिसेंबर-जानेवारीत पहाटे आणि रात्रीच अंगावर टिकतो. महाबळेश्वरला, जिथे वेण्णा तलावाकाठी काही पहाटे दवही गोठते, तो खरा उपयोगी. खाली पाय निमुळते दिसावेत: अरुंद पँट, चुडीदार. घेरदार सलवारीवर गाठोडे दिसते. साडीवर गुडघ्यापर्यंतचा कोट निऱ्या दाबतो, त्यामुळे लांबी मांडीच्या मध्यापर्यंतच ठेवावी आणि पदर पुढे घेऊन कमरेला खोचावा. पाठीवर मोकळा सोडला तर कोटाखाली बोचके होते. आडव्या पट्ट्याची पर्स फुग्यावर चरा पाडते, ती हातात धरावी. स्कूटीवर बसताना खालचे बटण सोडावे, नाहीतर आवळलेला तळ मांड्यांवर चढतो व समोरचा वारा पाठीत भरतो.

बारीक हँगरवर टांगल्यास उतरत्या खांद्यावर उंचवटे येतात. घडी घालून, मध्ये जुनी सुती साडी ठेवून, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह पेटीत ठेवतात. घाटमाथ्यावर पावसाळ्यात बुरशी धरते. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी कोट उलटा करून, अस्तर वर ठेवून वाळवावा.