सनरूफची काच दगड न लागताही का फुटते?

वणी, चंद्रपूरकडच्या कोळशाच्या रस्त्यांवर गाडीची काच फुटणे नवे नाही. टिप्परमधून गिट्टी उडते, समोरच्या काचेला तडा जातो. पण घरासमोर उभ्या गाडीच्या छताची काच सुतळी बॉम्बसारखा आवाज करून फुटली, असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही. "गोटा लागला असन भाऊ," असे शेजारीही म्हणतो आणि वर्कशॉपवालाही. गोटा लागतोही, पण दर वेळी नाही. हे काचतज्ज्ञांना साठहून अधिक वर्षे ठाऊक आहे.

गाडीच्या समोरच्या काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ती फुटली तरी जागेवर राहते. या लॅमिनेटेड काचेचे पेटंट फ्रान्सच्या एदुआर बेनेडिक्टस यांनी १९०९ साली घेतले. छताला मात्र बहुतेक गाड्यांत टफन्ड काच असते. ती तापवून झपाट्याने थंड करतात, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब राहतो आणि गाभ्यात ताण. तिची ताकद यातूनच येते. पण तडा गाभ्यापर्यंत पोचला की अख्ख्या काचेचा क्षणात चुरा होतो.

तडा आतूनही सुरू होऊ शकतो. इमारतींच्या टफन्ड काचा आपोआप का फुटतात, याचे कारण ऑस्ट्रेलियात बॅलंटाइन या संशोधकाने १९६१ मध्ये मांडले. काच बनताना आत निकेल सल्फाइडचा एखादा सूक्ष्म कण राहतो. तो महिन्यांनी, कधी वर्षांनी हळूहळू रूप बदलतो आणि फुगतो. म्हणून पुढे इमारतींच्या काचा बसवण्याआधी भट्टीत पुन्हा तापवू लागले, म्हणजे सदोष काच तिथेच फुटते.

गाड्यांत याखेरीज कडेला लागलेला टवका, फ्रेमचा ताण, बसवतानाची चूक हीही कारणे असतात. २०१२ मध्ये अमेरिकेत ह्युंदाईने वेलोस्टर गाड्या परत बोलावल्या, कारण छताची काच कारखान्यातच कमजोर झाली असण्याची शक्यता होती. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने किया सोरेंटोची चौकशी सुरू केली, तीही मालकांच्या तक्रारींवरून. आपल्याकडे २०१९ ची हेक्टर, २०२० ची क्रेटा यांनी मोठे काचेचे छत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. आता ते तालुक्याच्या गावांतही दिसते आणि त्यावर मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन पडते. निव्वळ उन्हाने धडधाकट काच सहसा फुटत नाही, पण आधीच दुखावलेल्या काचेवर ताण वाढतो.

काच फुटली तर आतला पडदा ओढून गाडी कडेला घ्या. झाडण्याआधी फोटो काढा आणि तुकडे जपून ठेवा. फुलपाखराच्या पंखांसारखे जोडतुकडे सापडले, तर तडा तिथूनच, बहुधा आतल्या कणामुळे सुरू झाल्याची ती खूण असते. "दगड लागला" असे लिहिलेल्या जॉब कार्डावर खात्री नसताना सही करू नका; तिथेच वॉरंटी हातची जाते. विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, मात्र दावा केला की नो क्लेम बोनस जातो.

कंपनीने हात झटकले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियमही १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सात वर्षांपर्यंतच्या गाडीची तक्रार मालक वाहन पोर्टलवर नोंदवू शकतो. एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी जमल्या, तरच परत बोलावण्याची ही प्रक्रिया पुढे सरकते.