पार्श्वभूमी : टल्साच्या आधीचा आणि नंतरचा ओक्लाहोमा

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास टल्सा शहरातल्या १९२१च्या हत्याकांडापासून सांगितला जातो. सुरुवात मात्र बरीच आधीची आहे. १८३०च्या दशकात चेरोकी, क्रीक आदी मूलनिवासी राष्ट्रांना सरकारनं पश्चिमेकडे हुसकावलं, तेव्हा त्यांच्यातल्या सधन मंडळींनी आपले कृष्णवर्णीय गुलामही सोबत आणले. या राष्ट्रांनी अमेरिकन सरकारशी केलेल्या १८६६च्या करारांनी ते गुलाम मुक्त झाले आणि पुढे त्यांच्या वंशजांच्या नावावर जमिनीही झाल्या. दक्षिणेतले कृष्णवर्णीयही इकडे येऊ लागले. लँगस्टन, बोली, रेंटीसव्हिल अशी पन्नासहून अधिक गावं त्यांनी स्वतः वसवली, स्वतःच चालवली.

१९०७ साली राज्य स्थापन झालं आणि नव्या विधिमंडळानं अगदी सुरुवातीलाच रेल्वेत कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले.

मग ३१ मे १९२१ची रात्र. दुसऱ्या दिवसापर्यंत गोऱ्या जमावानं टल्सातल्या कृष्णवर्णीयांच्या ग्रीनवुड वस्तीतले सुमारे ३५ ब्लॉक (चार रस्त्यांमधले घरांचे चौकोन) पेटवले. रेडक्रॉसनं जळालेली १,२५६ घरं मोजली. मृतांचा सरकारी आकडा तेव्हा ३६ होता; इतिहासकार तो ३००पर्यंत नेतात. वकील बी. सी. फ्रँकलिन यांनी तंबूत कचेरी थाटली. पुन्हा घरं उभारू न देणारा नगरपालिकेचा नियम त्यांनी कोर्टात हाणून पाडला. हा विजय ठळकपणे सांगायला हवा, कारण ग्रीनवुड पुन्हा उभं राहिलं ते त्याच्याही बळावर.

पुढची कित्येक दशकं शाळेत याचा उल्लेखही नव्हता. 'टल्सा ट्रिब्यून' या वर्तमानपत्राच्या ३१ मेच्या अंकाची मायक्रोफिल्म झाली, तेव्हा पहिल्या पानावरचा कळीचा मजकूर आधीच फाडलेला होता. राज्यानं चौकशी आयोग नेमला तो थेट १९९७ साली. अहवाल आला २००१ला.

टल्सातल्या ओकलॉन स्मशानभूमीत हत्याकांडातल्या मृतांच्या शोधासाठी २०२०पासून उत्खनन सुरू आहे. तिथल्या एका मृताची ओळख २०२४ साली पटली : पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेले सी. एल. डॅनियल. डीएनए जुळलाच, शिवाय १९३६चं एक पत्र सापडलं. त्यांच्या आईच्या वतीनं वकिलानं माजी सैनिकांच्या खात्याला लिहिलेल्या त्या पत्रात मुलगा टल्सात मारला गेल्याचं नमूद होतं. म्हणजे हे सरकारदरबारी फार पूर्वीच कळवलेलं होतं.

टल्साकडे आता जगाचं लक्ष आहे. कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या त्या पन्नासहून अधिक गावांपैकी मात्र तेराच उरली आहेत. बोलीच्या जुन्या भागाला १९७५ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, पण तिथली माणसं टिकली नाहीत तर नुसता दर्जा पुरणार नाही.