टक् वाजलंच नाही

इंदूरच्या सियागंज बाजारातून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला पीळ आला की टक् वाजणारा पाना, आणला आणि त्याच रविवारी मोटरसायकलचं ऑइल घरी बदलायला बसलो. पुस्तिकेत ऑइलचा बोल्ट किती पिळायचा ते 24 न्यूटन-मीटर असं दिलं होतं. पान्याच्या दांड्यावरचे आकडे मात्र 28 पासून सुरू होत होते. पाना उलटा करून पाहिला, तर मागच्या बाजूला 20 आणि 30 च्या मधे 24 छान बसत होतं. लावलं आणि पिळायला घेतलं. टक् आवाजाची वाट बघतोय, तर बोल्ट एकदम मऊ लागायला लागला. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले होते. मागच्या बाजूचे आकडे फूट-पाउंडांचे होते.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बोल्ट पाहिला आणि म्हणाला, "भिया, इतना तो हाथ से कस देते."

टॉर्क म्हणजे पीळ: किती जोर लावला, गुणिले तो आसापासून किती लांब लावला. जात्याचा खुंटा मधल्या खिळीजवळ न बसवता कडेला बसवतात तो याचसाठी. एक मीटर लांब आडव्या दांडीच्या टोकाला एक किलोचं वजन टांगलं की आसावर एक किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. पृथ्वी किलोभर वजन 9.81 न्यूटनने खाली ओढते, म्हणून हाच पीळ 9.81 न्यूटन-मीटर. तोंडी हिशेबाला दहाने गुणलं तरी चालतं, चूक दोन टक्क्यांची. फूट-पाउंडाला अशी सवलत नाही, 1.356 ने गुणावंच लागतं. माझे 24 म्हणजे साडेबत्तीस न्यूटन-मीटर झाले, तब्बल एक तृतीयांश जास्त. इंच-पाउंड त्याहून फसवं, कारण 12 इंच-पाउंड मिळून एक फूट-पाउंड होतो. दोन्हींची लघुरूपं इतकी सारखी दिसतात की घाईत बारापट चूक होऊ शकते. इंजिनाच्या झाकणाचा छोटा, सहा मिलिमीटरचा बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरचा. तोच पीळ एक किलोग्रॅम-मीटर, 7.4 फूट-पाउंड किंवा 88.5 इंच-पाउंड.

दुसरी चूक ऑइलची. बोल्ट धरून ठेवतो तो ताणामुळे. घट्ट केलेला बोल्ट किंचित लांबतो आणि स्प्रिंगसारखा दोन भाग आवळून धरतो. पान्याला हा ताण मोजता येत नाही, तो फक्त पीळ मोजतो. त्या पिळाचा साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि ताणाच्या वाट्याला जेमतेम दहा टक्के उरतात. घर्षण थोडं जरी घटलं तरी ताण बराच वाढतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरला की बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. माझे आटे आधीच जुने, त्यात ऑइलने माखलेले.

रेंचच्या पोटात स्प्रिंग असते. मूठ फिरवली की ती दाबली जाते आणि ठरलेला पीळ आला की आतला ठोकळा सटकतो, तोच टक्. आवाज आला की थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक् करणाऱ्यांचा मला राग येतो. हात मुठीच्या मधोमध हवा. सॉकेटला, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या वाटीला, सरळ उभी नळी जोडली तर आकडा बदलत नाही, पण पान्याच्या रेषेत पुढे जोड लावला की बदलतो. 40 सेंटिमीटरच्या पान्याला 5 सेंटिमीटरचा जोड लावला आणि बोल्टवर 100 हवे असले, तर पान्यावर 89 लावायचे.

खरेदी करताना मोठ्या आकड्याला भुलू नये. आपला नेहमीचा आकडा पान्याच्या पट्ट्याच्या मधे कुठेतरी पडावा. खालच्या टोकाशी, क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या खाली, भरवसा ठेवू नये.

आता 24 साठी 10 ते 60 चा छोटा पाना घेतलाय. मोठा कारच्या चाकांच्या नटांना कामी येतो, शंभराच्या आसपास. वापरून झाला की 28 वर आणून डबीत ठेवतो, म्हणजे स्प्रिंग दाबलेली राहत नाही. मागच्या फूट-पाउंडांच्या आकड्यांवर मी काळी टेप चिकटवून टाकली आहे.