पापलेटच्या किमान आकारमानाचा नियम : पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या सागरी मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला. अंडी घालण्याच्या वयाला पोहोचण्याआधीच पापलेट मोठ्या प्रमाणावर जाळ्यात सापडतो, ही पालघर जिल्ह्यातील सातपाटी बंदराच्या मच्छीमारांची तक्रार मात्र त्याहून बरीच जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतरचे धोरण उत्पादनवाढीचे होते. १९४७ साली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था स्थापन झाली, १९५०च्या दशकात केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प आला आणि पुढे कोळंबीच्या निर्यातीला चढा भाव मिळू लागताच समुद्रतळ खरवडत जाणारे ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर वाढले. त्यांची जाळी किनाऱ्यालगतच्या पारंपरिक मासेमारीच्या जागांत शिरल्यावर संघर्ष अटळ होता. गोव्यात रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार, रस्त्यावर उतरले. केंद्राने नमुना कायदा तयार केला आणि त्याच्या आधारे केरळ व गोव्याने १९८० साली, तर महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. त्या कायद्याचा रोख यांत्रिक आणि पारंपरिक नौकांमधील वाद मिटवण्याकडे होता, माशांच्या पुनरुत्पादनाचा विचार त्यात दुय्यम राहिला.

त्यानंतर माशांच्या थव्याला वेढून खालून आवळली जाणारी पर्ससीन जाळी आली. या जाळ्यांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतरही त्यांवर निर्बंध घालणारा आदेश निघायला फेब्रुवारी २०१६ उजाडला, आणि हा विलंब मला अक्षम्य वाटतो. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रकाशाने मासे गोळा करून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली, तर २०२१च्या सुधारणेने राज्यातील दंड वाढवला आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले.

दरम्यान संशोधक बंदराबंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे नमुने घेत होते. माशाची लांबी मोजून आणि अंडाशय तपासून कोणती जात किती लांबीची झाल्यावर प्रथम अंडी धरते, हे ठरवत होते. किमान आकारमानाचे आकडे या कामातून आले आहेत. त्यांचा भार केवळ ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांवर पडत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे, कारण भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या पारंपरिक डोल जाळ्याच्या शेपटाची आस, म्हणजे जाळ्याच्या छिद्रांचा आकार, हीसुद्धा बारीक असते आणि बोंबील-जवळ्याबरोबर पापलेटची पिल्लेही त्यात येतात. जाळे वर ओढेपर्यंत ही पिल्ले बहुधा मेलेली असतात. त्यामुळे बंदरावर पट्टी लावून मोजण्यापेक्षा जाळ्याची आस मोठी करण्याला अधिक महत्त्व आहे.