चव्हाट्यावर मांडलेलं अंथरूण

लंडनच्या टेट गॅलरीत १९९९ साली टर्नर पारितोषिकाच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या समकालीन कलेच्या मोठ्या बक्षिसाच्या, प्रदर्शनात ट्रेसी एमिन या इंग्रज कलावंत बाईने स्वतःचा पलंग आणून ठेवला. डाग पडलेल्या चादरी, रक्त लागलेली अंतर्वस्त्रं, वापरलेले निरोध, व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या, सिगारेटची थोटकं, गर्भनिरोधक गोळ्या, सपाता. प्रेमसंबंध तुटल्यावर नुसत्या दारूवर ती काही दिवस या पलंगावर पडून होती. पारितोषिक त्या वर्षी स्टीव्ह मॅक्वीनला मिळालं, पण लोक अजून भांडतात ते या पलंगावरूनच. मोबाइलवर त्याचा फोटो आपल्याकडे, लातूर-नांदेडच्या एखाद्या घरात दाखवला तर पहिला प्रश्न ठरलेला: ही काय मांडायची गोष्ट आहे का?

प्रश्न रास्त आहे. आणि तो या पलंगापेक्षा बराच जुना आहे.

रोजच्या वापरातली वस्तू उचलून कला म्हणून ठेवणं युरोप-अमेरिकेला एमिनच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने १९१७ साली न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनासाठी मुतारीचं भांडं दिलं, आयोजकांनी ते मांडलं नाही. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने १९५५ मध्ये आपली उशी, चादर आणि गोधडी ताणून रंगवली, भिंतीवर टांगली. गंमत अशी की त्या गोधडीत कोण झोपलं होतं, याची चौकशी फारशी कुणी केली नाही. वाद होता तो याला चित्र म्हणायचं का, एवढाच.

ती चौकशी सुरू झाली बायकांनी घर मांडायला घेतल्यावर. १९७२ साली लॉस एंजेलिसमध्ये ज्यूडी शिकागो आणि मिरियम शपिरो या कलावंत शिक्षिकांच्या विद्यार्थिनींनी एक पडकं घर दुरुस्त करून त्याची प्रत्येक खोली म्हणजे एक मांडणशिल्प (जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती) केलं. त्यातली एक न्हाणीघर होती: सगळं पांढरंशुभ्र, आणि कचऱ्याच्या डब्यात पाळीचे वापरलेले पॅड. चार वर्षांनी लंडनमध्ये मेरी केली या कलावंत बाईने आपल्या तान्ह्या मुलाच्या संगोपनाची नोंद मांडली. त्यात बाळाच्या लंगोटातली डागाळलेली अस्तरं होती, आणि प्रत्येक डागाखाली त्या दिवशी बाळाने काय खाल्लं याची टिपणं. एखाद्या शास्त्रज्ञाने ठेवावी तितकी कोरडी नोंद. वर्तमानपत्रांनी मात्र तेवढे लंगोटच उचलले.

शिल्पकार लुईस बूर्ज्वाचं प्रकरण याहून खोल आहे. तिचा जन्म १९११ चा, पॅरिसचा. वडिलांचे घरातच राहणाऱ्या इंग्रज शिक्षिकेशी संबंध होते, आई गप्प राहिली, आणि मुलगी हे सगळं पाहत मोठी झाली. १९७४ साली तिने लाल उजेडातली एक गुहा केली. जेवणाच्या टेबलावर मुलं बापालाच फाडून खातात, अशी तिची कल्पना. पण घरातली ती गोष्ट तिने छापील शब्दांत जाहीर केली ती १९८२ साली, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा. म्हणजे सत्तरीत. वस्तू आधी बोलली, बाई नंतर. एमिनने हाच क्रम उलटा केला, असं मला वाटतं. तिने पहिल्यापासूनच सगळं सांगून टाकलं: मार्गेट या समुद्रकाठच्या गावातलं बालपण, तेराव्या वर्षी झालेला बलात्कार, गर्भपात. १९९५ मध्ये तिने एका तंबूच्या आत कापडाची अक्षरं शिवून १०२ नावं लावली, ज्यांच्याशेजारी ती आयुष्यात कधीही झोपली त्या सगळ्यांची. लोकांना ती प्रियकरांची यादी वाटली. प्रत्यक्षात तिच्यात आजी होती, जुळा भाऊ होता, न जन्मलेली दोन बाळं होती. २००४ साली गोदामाला लागलेल्या आगीत तंबू जळाला, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी हळहळण्याऐवजी थट्टाच जास्त केली.

पलंगावर तर टेटमध्येच दोन चिनी कलावंतांनी उड्या मारल्या, उशा फेकल्या. त्यांना पकडून नेलं, पण खटला झाला नाही. कलासंग्राहक चार्ल्स साची यांनी २००० साली तो दीड लाख पौंडांना घेतला आणि २०१४ च्या लिलावात तो पंचवीस लाखांहून अधिक पौंडांना गेला. दुःख विकलं, हा आरोप इथे हवेत राहत नाही, त्याला आकडा आहे.

हा आरोप मराठी वाचकाला नवा नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दलित आत्मकथनं येऊ लागली, तेव्हा ‘आपली घाण आपणच कशाला उकरायची’ असं त्याच समाजातल्या शिकलेल्या लोकांनी विचारलं, आणि बाहेरच्यांनी दुःखाचं भांडवल केल्याची भाषा केली. त्या लेखनाची एक मोठी भूमी मराठवाडाच होती: औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय, गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त आपल्या जमातीचं चोरीचं जगणं नावागावानिशी लिहिलं आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

आणखी मागे गेलं तर संत बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावची, सतराव्या शतकातली. लहानपणीच थोराड बिजवराशी लग्न, तुकोबांचा ध्यास घेतल्याबद्दल नवऱ्याचा मार, हे सगळं तिने आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवलंय. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिची समाधी आहे, लोक तिथे हात जोडतात. तेव्हा खाजगी आयुष्य उघड करणं आपल्याला झेपत नाही, हे काही खरं नाही. शब्दांत झेपतं. अभंगाला देवाचा आधार असतो, पुस्तक मिटता येतं. डागाळलेली चादर समोर आली की माणूस वाचक राहत नाही, दुसऱ्याच्या खोलीत शिरलेला पाहुणा होतो. त्यात पाळीच्या दिवसांत बाईला वेगळी वाकळ आणि वेगळा कोपरा देणारी घरं इथे अजून आहेत. तिथे ते अंथरूण पाहणं हाच विटाळ.

भारतीय कलावंतांनी कबुलीची वाट बेतानेच धरली. बडोद्याच्या चित्रकार भूपेन खख्खरने १९८१ च्या सुमारास आपलं समलिंगी असणं चित्रांत आणलं, पण ती चौकटीतली चित्रं होती. मुंबईच्या रुम्माना हुसेनने १९९२-९३ च्या दंगलींनंतर स्वतःचं मुसलमान बाई असणं मांडणशिल्पांत आणि प्रयोगांत घेतलं, आणि १९९९ मध्ये, कर्करोगाने जाण्याच्या थोडं आधी, रुग्णालय आणि प्रार्थनास्थळ एकत्र वाटेल अशी एक खोली केली. आक्रस्ताळेपणा कुठेच नाही. एमिनच्या पलंगापेक्षा ही खोली मला मोठी कलाकृती वाटते, पण तिच्यावर भांडणं झाली नाहीत म्हणून ती आपल्याकडे फारशा कुणाला ठाऊकही नाही.

बायकांच्या शरीराची सगळ्यात खाजगी गोष्ट मराठवाड्यात चव्हाट्यावर आली ती कलेतून नाही, सरकारी तक्त्यातून. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. नावं अर्थातच नव्हती, आणि ती नसणंच बरोबर. उद्या यातल्या एखादीची मुलगी कला महाविद्यालयात गेली आणि तिने आईची दवाखान्याची फाईल, कोयता आणि कोपीतलं अंथरूण दालनात मांडलं, तर ही कला आहे का हा वाद होईलच. मला त्याआधी दुसरंच विचारावंसं वाटेल: आईला विचारलंस का? मांडणारी एक आणि जिचं आयुष्य मांडलं जातंय ती दुसरी, अशी वेळ एमिनवर पलंगापुरती तरी आली नव्हती.