किमान पाचशे आणि फक्त पाचशे: डुकाटी ९१६च्या वर्धापन आवृत्तीची पार्श्वभूमी

जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात डुकाटी या इटालियन मोटरसायकल कंपनीने एक गाडी समोर आणली, आपल्या गाजलेल्या ९१६ च्या पंचविशीनिमित्त. नाव लांबलचक: पनिगाले व्ही४ २५ अॅनिव्हर्सारियो ९१६. लाल अंगावर पांढरा भाग आणि त्यात १ आकडा, म्हणजे ब्रिटिश रायडर कार्ल फॉगर्टीने १९९९ साली वर्ल्ड सुपरबाईकचं विजेतेपद जिंकलं त्या गाडीचा पेहराव. अनावरणाला स्वतः फॉगर्टी हजर होता. हँडलजवळच्या पट्टीवर प्रत्येक गाडीचा क्रमांक कोरलेला आणि तिरक्या रेघेपुढे ५००, कारण त्याहून जास्त गाड्या बनणार नव्हत्या.

संग्राहकांचं सगळं लक्ष त्या पट्टीवर असतं. पण असे मोजके आकडे स्पोर्ट बाईकच्या जगात आले ते संग्राहकांसाठी नव्हेच, ते आले शर्यतीच्या नियमपुस्तकातून.

वर्ल्ड सुपरबाईक स्पर्धा १९८८ मध्ये सुरू झाली. तिची मूळ अट अशी, की ट्रॅकवर उतरणारी गाडी दुकानात विकली जाणारी हवी. नुसती नावाला दोन-चार बनवून चालत नाही, ठरलेली किमान संख्या बनवावीच लागते. यालाच होमोलोगेशन म्हणतात. यामाहाने १९९९ साली आर७ बनवली ती याच हिशेबाने, मोजून ५००. चार सिलिंडरच्या गाड्यांना तेव्हा ७५० सीसीची मर्यादा होती, दोन सिलिंडरवाल्यांना १००० पर्यंत मुभा. डुकाटीसारख्या छोट्या कारखान्याला ही सवलत मानवली. डुकाटीचे अभियंते मासिमो बोर्दींनी जुन्या व्ही-ट्विनला (व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला) पाण्याचं कूलिंग, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि फ्युएल इंजेक्शन दिलं. त्यातून ८५१ आली, मग ८८८.

९१६ ही त्याच घराण्यातली. इंजिनात फार मोठी क्रांती नव्हती. ९४ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच राहिला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६४ वरून ६६ झाला, की झाले ९१६ सीसी. खरी कमाल डिझाइनर मासिमो तांबुरिनींची. बिमोटा या इटालियन मोटरसायकल कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी हे एक, पुढे कॅजिव्हा या दुसऱ्या मोटरसायकल कंपनीच्या सान मारिनोतल्या संशोधन केंद्रात. कॅजिव्हाच्या कास्तिल्योनी बंधूंनी १९८५ मध्ये डुकाटी विकत घेतली होती, त्यामुळे ९१६ चं काम तांबुरिनींकडे आलं.

१९९३ च्या मिलान प्रदर्शनात लोकांनी ती पाहिली. अरुंद जुळे हेडलाइट, कंबरेत आवळलेली टाकी आणि दोन्ही सायलेन्सर थेट सीटखाली. मागच्या चाकाला एकाच बाजूने आधार, त्यामुळे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर चाक जणू हवेत लटकलेलं. दिसायला सुंदर हे खरंच, पण एक मोठा नट सोडला की चाक हातात येतं, हा त्यातला कामाचा भाग. होंडाच्या एनआर ७५० मध्ये सीटखालचा एक्झॉस्ट आणि एकबाजूचा स्विंगआर्म (मागच्या चाकाचा आधार) आधीच होता, हे होंडाप्रेमी आजही सुनावतात आणि त्यात तथ्य आहे. सीटखालच्या सायलेन्सरने उन्हाळ्यात बूड भाजतं, याबद्दल मात्र दोन्ही पक्षांचं एकमत.

मग विजेतेपदं आली. फॉगर्टीने १९९४, १९९५, १९९८ आणि १९९९ मध्ये जिंकली, १९९६ चं ट्रॉय कॉर्सरने. शेवटच्या वर्षापर्यंत गाडी ९९६ झाली होती, पण सांगाडा तांबुरिनींचाच. १९९८ मध्ये शर्यतीसाठी फ्रेममध्ये बदल हवा होता, मोठा एअरबॉक्स (इंजिनाला हवा पुरवणारा डबा) बसावा म्हणून. नियमाप्रमाणे तशा फ्रेमच्या गाड्या विकणं भाग होतं. मग ब्रिटनसाठी सुमारे २०० 'फॉगर्टी रेप्लिका' निघाल्या. आज संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात, ती गाडी मुळात नियमाची पूर्तता होती.

हा झाला नियमांचा प्रवाह. दुसरा प्रवाह आठवणींचा, आणि तो जुना आहे. ब्रिटिश रायडर माइक हेलवुडने निवृत्तीनंतर परतून १९७८ ची आइल ऑफ मॅन शर्यत डुकाटीवर जिंकली, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याच्या नावाची रेप्लिका आली. मोजक्याच बनवायच्या म्हणून सुरू झालेली ही गाडी इतकी खपली, की १९८० चं दशक अर्ध्यावर येईपर्यंत बनतच राहिली! फॉर्म्युला वन चालक आयर्टन सेनाची कास्तिल्योनींशी मैत्री होती. मे १९९४ मध्ये तो गेला, त्यानंतर आलेली करड्या रंगाची, लाल चाकांची ९१६ सेना पहिल्या खेपेला ३०० च निघाली. १ जानेवारी २००० रोजी हेलवुडच्याच स्मरणार्थ एमएच९००ई थेट इंटरनेटवर विक्रीला आली आणि त्या वर्षाच्या गाड्या साधारण अर्ध्या तासात संपल्या. तिचा कुठल्याही शर्यतीशी संबंध नव्हता. किमान आकडा इथे पुरता कमाल झाला होता.

२०१९ च्या गाडीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेत. पनिगालेची व्ही४ एस ही आवृत्ती पाया, त्यावर शर्यतीसाठीच्या व्ही४ आरची फ्रेम आणि ड्राय क्लच (तेलात न बुडालेला), मॅग्नेशियमची चाकं, टायटॅनियमचा एक्झॉस्ट. ड्राय क्लच म्हणजे गाडी उभ्या जागी चालू असताना डब्यात नाणी खुळखुळावीत तसा आवाज. नवख्याला वाटतं काहीतरी तुटलंय, जुन्या डुकाटीवाल्याला तो आवाज नसला तर चैन पडत नाही. पण इंजिन ११०३ सीसीचं. सुपरबाईक स्पर्धेची चार सिलिंडरच्या गाड्यांसाठीची मर्यादा आता १००० ची. म्हणजे ज्या विजेतेपदांच्या नावाने ही गाडी निघाली, त्या स्पर्धेत तिला उतरताच येत नाही. मला ही तिची सगळ्यात प्रामाणिक खूण वाटते.

त्या पाचशेतली एक गाडी वेगळ्या कारणाने बाजूला काढली गेली. अनावरणाच्या काही दिवस आधी, ३० जून २०१९ रोजी, अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावरच्या चढाईच्या शर्यतीत शिखराजवळ अमेरिकन रायडर कार्लिन डन डुकाटीच्या नव्या गाडीवरून पडून मरण पावला. त्याच्या स्मृतीसाठी लिलावात निघालेल्या गाडीच्या पट्टीवर ५/५०० असं कोरलेलं होतं. त्या दिवशी डनच्या गाडीवरही ५ च होता.