घरकुल बाईच्या नावावर, पण खालची जमीन कुणाची?

‘सरपंच, घरकुलाचा फॉर्म कुठे मिळतो?’ हा प्रश्न मला रस्त्यात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विचारला जातो. उत्तर सरळ आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात फॉर्म भरून घर मिळत नाही. तालुक्याच्या गावी कुणी पाचशे रुपये घेऊन घरकुलाचा फॉर्म विकत असेल, तर ते पाचशे गेले समजा. इथे असते ती यादी. आधी २०११च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून झालेली, मग तिच्यातून सुटलेल्यांसाठीच्या आवास प्लस सर्वेक्षणाची, आणि आता आवास प्लस २०२४च्या सर्वेक्षणाची. या सर्वेक्षणात मोबाईलवरून स्वतःची नोंद स्वतः करायचीही सोय होती. यादी ग्रामसभेत वाचली जाते आणि तिथेच तिच्यावर बोलायचं असतं. नाव गळलं असेल किंवा बंगलेवाल्याचं घुसलं असेल, तर हरकत तिथेच घ्या आणि ती इतिवृत्तात लिहिली गेली का ते उठण्याआधी वाचून बघा. पुढे जिल्हास्तरीय अपिलीय समिती आहे, पण इतिवृत्तात काहीच नसेल तर तिथे दाखवायचं काय?

अर्ज लागतो तो राज्याच्या योजनांना. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागास प्रवर्गासाठी मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. या अर्जांना जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. रायगड-रत्नागिरीतल्या कातकरी वाड्यांसाठी पीएम जनमन ही वेगळी योजना आहे आणि तिचं अनुदान २ लाख रुपये, म्हणजे साध्या घरकुलापेक्षा जास्त आहे. कातकरी कुटुंबाला नेहमीच्या यादीत ताटकळत ठेवण्याचं काहीच कारण नाही.

होडी आहे, मग घरकुल नाही?

आमच्या कोकण किनाऱ्यावर हा गैरसमज घट्ट बसला आहे, आणि पूर्वी तो खराही होता. यांत्रिक होडी किंवा दुचाकी दारात असली की कुटुंब बाद व्हायचं. २०२४मध्ये केंद्राने निकष सैल केले. होडी, दुचाकी, फ्रीज आणि घरचा फोन या अटी गेल्या. घरातल्या कुणाचंही मासिक उत्पन्न १० हजारांच्या वर नसावं, ही मर्यादा १५ हजारांवर आली. म्हणजे छोटी यांत्रिक होडी चालवणारं कोळी किंवा गाबीत कुटुंब आता नुसत्या होडीमुळे बाद होत नाही. तीनचाकी किंवा चारचाकी गाडी, घरात सरकारी नोकर, आयकर किंवा व्यवसाय कर भरणारा माणूस, सरकारदरबारी नोंदलेला धंदा, ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत, या अटी मात्र कायम आहेत.

या पाच एकरांवरून आमच्याकडे वाद होतात. सातबाऱ्यावर क्षेत्र मोठं दिसतं, पण त्यावर चाळीस नावं असतात आणि आपल्या वाट्याला येतात दहा गुंठे वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन. क्षेत्र मोजायचं ते आपल्या हिश्शाचं. सर्वेक्षकाला हे तोंडी सांगून भागणार नाही, त्याला महसूलचा ८-अ उतारा, म्हणजे खातेदाराच्या नावावरची जमीन सांगणारा कागद, दाखवा.

जिथे सोळा ते एकोणसाठ वयाचा पुरुष नाही आणि बाईच घर चालवते, अशा कुटुंबाला प्राधान्यक्रमात वजन आहे. विधवा, टाकलेल्या आणि एकट्या बायका मुलाच्या नाहीतर दिराच्या शिधापत्रिकेत दडून राहतात आणि सर्वेक्षणात दिसतच नाहीत. तुमची चूल वेगळी असेल तर शिधापत्रिका वेगळी करून घ्या. त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही आणि दिराची तर नाहीच.

नाव कुणाचं

नियम स्पष्ट आहे. घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. पुरुषाच्या एकट्याच्या नावावर फक्त तो विधुर, अविवाहित किंवा विभक्त असेल तरच. कागदोपत्री हे बऱ्यापैकी पाळलं जातं. मंजुरीच्या पत्रावर बाईचं नाव येतं, घरासमोर तिचा फोटो निघतो आणि सगळ्यांना वाटतं की घर तिच्या नावावर झालं.

प्रत्यक्षात तिच्या नावावर झालेलं असतं अनुदान. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीला होते. जमिनीची नोंद सातबाऱ्याला. या दोन वेगळ्या वह्या आहेत, दोन वेगळ्या माणसांकडे आहेत, आणि एकीतलं नाव दुसरीत आपोआप जात नाही. त्यातच ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि महसूलचा ८-अ हे दोन निराळे कागद आहेत, त्यांची गल्लत सुशिक्षित माणसंही करतात.

नमुना ८ला पती-पत्नी दोघांची नावं लावण्याच्या सूचना राज्यात ‘घर दोघांचे’ या नावाने कित्येक वर्षांपासून आहेत. साधा अर्ज, दोघांची आधार कार्डं, चालू घरपट्टीची पावती आणि नवऱ्याची संमती एवढ्यावर ठराव होऊन नाव लागतं. यात खर्च जवळजवळ नाही, म्हणून पहिलं काम हेच करा. ते अगदी फुकटचं शोभेचं काम आहे असंही नाही. वादळात छप्पर उडालं की पंचनामा करणारा नोंदवही बघतो. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत किती घरांची नोंद मेलेल्या सासऱ्याच्या नावावर होती, हे तिथल्या माणसांना विचारा. पण नमुना ८ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. कोर्टात ती एकटी टिकत नाही.

भाऊबंद, संमतीपत्र आणि गणपती

घाटावर घरं गावठाणात असतात. कोकणात गावठाण मूठभर, आणि वाड्या डोंगरउतारावर पसरलेल्या. घर उभं असतं ते सामाईक सातबाऱ्याच्या जमिनीवर. निम्मी नावं मुंबईत, काही सुरतेला, काही वारलेली. घरकुल मंजूर झालं की ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागतो आणि इथेच बहुतेक घरकुलं अडतात. हप्ता आलेला असतो, चिरा उतरलेला असतो, आणि भांडुपचा चुलता सही देत नाही.

माझा सल्ला असा की मंजुरीची वाट न बघता संमतीपत्र आधी तयार ठेवा. सगळी भावकी गावात एकत्र सापडते ती गणपतीत आणि शिमग्याला. पण आरतीच्या वेळी कागद पुढे करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी चहावर विषय काढा. मजकुरात गट नंबर, घराच्या चारही बाजूंच्या सीमा, किती चौरस फूट आणि कुणाला, हे सगळं हवं. ‘कुणाला’ या जागी नवरा-बायको दोघांची नावं पूर्ण लिहा. नुसतं ‘अमुकचे चिरंजीव यांस हरकत नाही’ असं लिहिलेलं संमतीपत्र पुढे त्याच बाईच्या विरोधात वापरलं जातं. मुद्रांक किती रुपयांचा लागेल ते नोटरीकडे जाण्याआधी पंचायत समितीत विचारून घ्या.

संमतीपत्र म्हणजे बांधायची मुभा. त्याने जमीन मिळत नाही. जमीन हवी असेल तर वाटप करावं लागतं. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे ते होतं. चाळीस नावांचं वाटप एका वर्षात होणार नाही. पण त्याची पहिली पायरी, म्हणजे वारलेल्यांच्या वारस नोंदी, घरबसल्या ई-हक्क प्रणालीवरून किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, करता येते. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि वारसांची आधार कार्डं लागतात. वारस नोंदीत विधवेचं आणि मुलींचं नाव मुलांइतकंच येतं. ‘मुलींची नावं कशाला, त्या दिल्या घरी सुखी आहेत’ असं म्हणून वंशावळ अर्धी देणारे महाभाग आहेत. ती माहिती खोटी ठरते.

इथे एक गोष्ट स्पष्टच बोलते. बायकोचं नाव चढवताना बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं, आणि त्याला घरातली समानता म्हणायचं, हे मला पटत नाही. हिंदू कुटुंबात ९ सप्टेंबर २००५पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. बहिणीने स्वतःहून सोडलं तर तिचा निर्णय. पण माहेरवाशीण गौरीला आली म्हणून तिला कुडाळला किंवा चिपळूणला निबंधक कार्यालयात नेऊन अंगठा घेणं निराळं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहसा फिरवता येत नाही. मुस्लिम कुटुंबांत वाटे त्यांच्या वैयक्तिक कायद्याने ठरतात, पण तिथेही बायको आणि मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. शून्य तो कुठेच नाही.

जमीन किंवा घर नवऱ्याच्या एकट्याच्या मालकीचं असेल तर काम सोपं आहे. राहतं घर किंवा शेतजमीन पत्नीला बक्षीसपत्राने द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो आधी विचारून घ्या. आयतं घर विकत घेताना बाईला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१पासून आहे, मात्र खरेदीदार फक्त बाई असेल तरच. जोडीने नवऱ्याचं नाव घातलं की सवलत गेली. सरकार एका योजनेत दोघांची नावं घाला म्हणतं आणि दुसरीकडे एकटीला सवलत देतं. असो, फायदा घ्या.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाखापर्यंत मदत मिळते. ती जागा घेतानाच खरेदीखतात बायकोचं नाव घाला. नंतर घालू म्हटलं की राहून जातं.

नावातला फरक

आमच्या बायकांची कागदं अडतात ती बहुतेक नावावरून. माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, आधारवर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेलं, आणि रोजगार हमीच्या जॉबकार्डावर नुसतं ‘सौ.’. अनुदान थेट खात्यात येतं आणि ते आधारला जोडलेल्या बँकेत जातं. पासबुकाची झेरॉक्स कुठल्याही खात्याची दिलीत तरी पैसे आधार जिथे जोडलंय तिथेच जाणार. लाडकी बहीणच्या वेळी २०२४मध्ये ज्यांनी ही जोडणी तपासली त्यांचं काम झालेलं आहे, बाकीच्यांनी बँकेत जाऊन एकदा विचारा. नावातला फरक मिटवायला विवाह नोंदणीचा दाखला सगळ्यात उपयोगी. लग्न होऊन तीस वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागू शकते. आधी आधार दुरुस्त करा, मग शिधापत्रिका, मग जॉबकार्ड. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा होईल.

बाकी कागद नेहमीचे: दोघांची आधार कार्डं, तिचं पासबुक, जॉबकार्ड, शिधापत्रिका, नमुना ८ किंवा सातबारा, संमतीपत्र, मोबाईल नंबर.

मिळतं किती? केंद्राच्या योजनेत १ लाख २० हजार, डोंगराळ-दुर्गम म्हणून ठरवलेल्या भागात १ लाख ३० हजार. राज्याने २०२५मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली, पैकी ३५ हजार घरासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचा राज्याचा निर्णय आहे, तहसीलदारांकडे मागा. घर किमान २६९ चौरस फुटांचं हवं. पहिल्यानंतरचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याचा फोटो चढल्यावरच येतात, तेव्हा चौथरा जूनपूर्वी वर यायला हवा. पावसात इथे कुणाचं बांधकाम होत नाही आणि फोटोही चढत नाही.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी एक बघावं. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत, आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल ते, सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारा नियमन क्षेत्रात येतं. ग्रामीण भागात दाट वस्ती नसेल तर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. घरकुल मंजूर झालं म्हणून ही अट उठत नाही. जुन्या अधिकृत घराची त्याच चौथऱ्यावर पुनर्बांधणी मात्र करता येते, आणि घर जुनं आहे हे दाखवायला पुन्हा नमुना ८चा जुना उताराच कामी येतो. तो आजच काढून ठेवा. नवीन चौथरा घालायचा असेल तर आधी लेखी विचारणा करा.

आमच्या पंचायतीत पुढच्या आराखड्यात हा विषय असा घेतला आहे: नमुना ८ला अजून एकट्या पुरुषाचं नाव असलेल्या घरांची यादी वाडीवार काढायची, आणि ती ग्रामसभेआधीच्या महिला सभेत वाचायची. कायद्याने ही सभा ग्रामसभेपूर्वी घ्यावीच लागते, पण बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरात सह्यांपुरती होते. आमच्याकडे ती दुपारी तीनला, अंगणवाडीत. मच्छी विकून बायका परतलेल्या असतात आणि भाताचं आवरलेलं असतं. येताना आधार, घरपट्टीची पावती आणि सातबारा आणा. सातबारा नसेल तर निदान गट नंबर लिहून आणा, उतारा तिथेच मोबाईलवर काढून बघू. नवऱ्याची सही लागणार असल्याने त्यालाही घेऊन या. तो बाहेर कट्ट्यावर बसला तरी चालेल.